स्टेलॅरियम-सेलेस्टियातली चित्रं लॅपटॉपवर छान, मग मोबाईलवर आणि कागदावर का बिघडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका शाळेच्या खगोल मंडळासाठी स्टेलॅरियम आणि सेलेस्टिया ही आकाश दाखवणारी सॉफ्टवेअर वापरून ग्रह-ताऱ्यांची चित्रं तयार केली. लॅपटॉपवर ती उत्तम दिसतात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की बारीक तारे गायब होतात, ए-2 छपाईत संधिप्रकाशाच्या जागी पट्टे उमटतात आणि निम्मे लोक विचारतात, ‘हा फोटो कुणी काढला?’ यात चुकतंय कुठे, आणि त्यापेक्षा स्पेसइंजिन हे विश्वाची सफर घडवणारं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: तुमच्या कामाला स्पेसइंजिनची गरज नाही. त्यातले ग्रहांचे पृष्ठभाग डोळे दिपवतात, पण बहुतेक दूरचे तारे आणि ग्रह सॉफ्टवेअरने गणिती नियमांनी स्वतः रचलेले असतात. नावाआधी ‘आरएस’ असा संकेतांक दिसला तर ती वस्तू कुठल्याही यादीत नाही, ती काल्पनिक आहे. भित्तिपत्रकासाठी ते चालेल. पण ‘अमुक ताऱ्याभोवतीचा ग्रह असा दिसतो’ म्हणून मुलांना दाखवायला ते नको. साधी वाटणी ठेवा: पृथ्वीवरून आकाश कसं दिसेल यासाठी स्टेलॅरियम, अंतराळात जाऊन ग्रहाजवळून कसं दिसेल यासाठी सेलेस्टिया, आणि ताऱ्यांची खरी त्रिमिती अंतरं दाखवायची असतील तर गाया स्काय. तिन्ही फुकट आहेत. गाया स्काय जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये तयार झालं आणि गाया उपग्रहाच्या मोजमापांवर चालतं. त्याच्या मोठ्या ताराकोशांना डिस्कवर भरपूर जागा लागते, म्हणून सुरुवातीला लहान संच उतरवा.

आता मूळ दुखणं. चित्र बिघडण्याची बहुतेक कारणं चित्र काढण्याच्या आधीच्या पाच मिनिटांत असतात: ठिकाण, वेळ आणि दोन-तीन खुणा ज्या कुणी तपासत नाही.

स्टेलॅरियममध्ये एफ-6 दाबून ठिकाण भरा. पुण्यासाठी 18.52 उत्तर, 73.86 पूर्व, उंची सुमारे 560 मीटर. ठिकाण बरोबर बसलं का, हे तपासायला पुणेकरांकडे सोपं साधन आहे. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो 13 मेच्या आसपासचा दिवस, लावा आणि वेळ दुपारी 12:31 करा. सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची कोनीय उंची, 89.5 अंशांच्या वर दिसला पाहिजे. 12 वाजता डोक्यावर आला तर वेळक्षेत्र चुकलंय. दुसरी चाचणी रात्रीची: ध्रुवतारा क्षितिजापासून 18 ते 19 अंशांवर हवा. योगायोग असा की पुण्याहून अगस्त्यही जास्तीत जास्त 18.8 अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य जवळजवळ एकाच उंचीवर. हे दोन्ही जुळले की पुढच्या चित्रांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

जुनी ग्रहणं दाखवणार असाल तर याहून जास्त काळजी घ्या. 22 जानेवारी 1898चं खग्रास ग्रहण घ्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला ते पाहायला जेऊरला गेले होते. स्टेलॅरियममध्ये ठिकाण शोधताना इथेच घोटाळा होतो, कारण जेऊर दोन आहेत: एक सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात आणि दुसरं अहिल्यानगरजवळ (पूर्वीचं नगर). खग्रास पट्ट्यात पहिलं होतं. दुसरं निवडलंत तर ग्रहण खंडग्रासच राहतं, पुण्यातून राहतं तसं, आणि मग सॉफ्टवेअरला दोष दिला जातो. शिवाय भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली. 1898ची तारीख लावल्यावर खालच्या पट्टीवर यूटीसीचा, म्हणजे जागतिक वेळेशी असलेला, फरक +5:30 राहिला आहे की बदलला, हे वाचून घ्या. हवा असेल तर तो ठिकाणाच्या खिडकीत स्वतः ठरवा आणि चित्राखाली तसं लिहा.

ठिकाण-वेळ झाली की एफ-4 दाबून आकाश कसं दाखवायचं याची खिडकी उघडा. इथल्या काही खुणा चित्राचा अर्थच बदलतात.

‘चंद्र मोठा करा’ ही खूण आधी काढा. ती चालू असली की चंद्र साधारण चौपट दिसतो. चंद्र-शुक्र युतीचं चित्र काढताना हे लक्षात आलं नाही तर चंद्राने शुक्राला झाकलेलं दिसतं, आणि ग्रुपवर ‘आज पिधान आहे’ अशी बातमी फिरते. ग्रह मोठे करण्याच्या खुणाही तशाच. दर ऑगस्टमध्ये ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप येतो, त्यामागे खरी घटना 27 ऑगस्ट 2003ची आहे. त्या दिवशी मंगळ 5.58 कोटी किलोमीटरवर आला, आणि तरीही त्याची चकती 25 विकलांचीच होती (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). चंद्राची चकती साधारण 1800 विकलांची असते. मोठे केलेले ग्रह दाखवून आपण त्या निरोपाला पुरावा पुरवतो.

प्रकाशप्रदूषण बोर्टल प्रमाणात लावता येतं: 1 म्हणजे अगदी अंधारं आकाश, 9 म्हणजे महानगराच्या मध्यातलं. पेठांमधून किंवा डेक्कनवरून दिसणारं आकाश दाखवायचं असेल तर 8 ठेवा. 3 ठेवून शनिवारवाड्यावर आकाशगंगा दाखवली की मुलं गच्चीवर जाऊन हिरमुसतात. गावाकडचं अंधारं आकाश वेगळ्या चित्रात दाखवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. ताऱ्यांच्या आकाराचे दोन सरकते आकडे असतात, एक सगळ्यांचा मिळून आणि दुसरा तेजस्वी-अंधुक फरकाचा. छपाईसाठी पहिला थोडा वाढवा, दुसऱ्याला फार हात लावू नका. नाहीतर व्याध आणि ध्रुव सारखेच ठळक दिसतात.

‘प्रकाशाचा वेग धरा’ ही खूण मात्र चालू हवी. गुरूचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 35 ते 52 मिनिटं लागतात. 40 मिनिटांत गुरूचा चंद्र आयो जवळपास 42 हजार किलोमीटर सरकतो, म्हणजे गुरूच्या व्यासाच्या तीन दशांश. गुरू स्वतःभोवती 9 तास 56 मिनिटांत फिरतो, म्हणून तेवढ्यात त्याच्यावरचा मोठा लाल डागही 24 अंश पुढे जातो. दुर्बिणीतून पाहणाऱ्याशी तुमचं चित्र जुळत नसेल तर हे पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे लाल डाग गुरूच्या ढगांवर स्थिर नसतो, दर महिन्याला दीड-दोन अंश सरकतो. स्टेलॅरियममध्ये त्याचं रेखांश भरायची वेगळी जागा आहे. तिथला आकडा जुना असेल तर डाग भलत्याच ठिकाणी येतो. सेलेस्टियात प्रकाशाच्या उशिराची सोय वजाच्या बटणावर आहे. ती चालू असताना वेळेजवळ ‘एलटी’ अशी अक्षरं दिसतात.

क्षितिजावर स्टेलॅरियमचं तयार फ्रेंच गाव दाखवण्यापेक्षा पर्वतीवरचं क्षितिज टाका, मुलांना दिशा लगेच कळतात. पर्वतीवरून 360 अंशांचे फोटो घ्या, ह्युगिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडा, गिंप या चित्र-संपादकात आकाश पुसून पारदर्शक करा आणि पीएनजी म्हणून जतन करा. रुंदी 4096 किंवा 8192 पिक्सेल, उंची तिच्या निम्मी. खालचा भाग नसेल तर तो काळा भरा, पण 2:1 हे प्रमाण सोडू नका. नाहीतर डोंगर उंच ताणले जातात. दिशा बसवायला सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा सोयीचा. पर्वतीवरून तो नैर्ऋत्येला, साधारण 213-214 दिगंशावर (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेल्या दिशेच्या कोनावर) येतो. वर्णनाच्या फाईलमधला फिरवण्याचा कोन बदलत राहा, मनोरा त्या दिगंशावर येईपर्यंत. कोन वाढवल्यावर तो उलट्या बाजूला गेला तर चिन्ह बदला. होकायंत्राच्या ॲपवर भिस्त ठेवू नका, लोखंडी कठड्याजवळ ते सहज दहा अंश चुकतं.

आता सेलेस्टिया. यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे ग्रहाच्या अगदी जवळ जाऊन रुंद दृश्यक्षेत्रात, म्हणजे पडद्यावर मोठ्या कोनातलं आकाश घेऊन, चित्र काढणं. दृश्यक्षेत्र 60-70 अंश असताना कडेला आलेला गोल अंड्यासारखा लांबट होतो आणि शनीची कडी एका बाजूला फुगलेली दिसतात. स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी दृश्यक्षेत्र 15-20 अंशांपर्यंत आणा आणि ‘एंड’ बटणाने लांब जा. ग्रह तेवढाच मोठा दिसेल, पण आकार खरा राहील. फोटोशी तुलना करायची असेल तर हा आकडा जवळ ठेवा: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरची लेन्स साधारण 40 बाय 27 अंश पाहते.

शनी दाखवताना तारीख लिहिल्याशिवाय चित्र बाहेर सोडू नका. 23 मार्च 2025ला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली, त्या सुमारास कडी रेघेसारखी होती. 2032च्या सुमारास ती पूर्ण उघडलेली असतील. तारीख नसलेला शनी बघून ‘आमच्या दुर्बिणीत असा का दिसत नाही?’ हा प्रश्न ठरलेला.

सेलेस्टियातले नकाशे बदलताना, म्हणजे ग्रहाच्या पृष्ठभागाचं चित्र नवं घालताना, दोन गोष्टी अडतात. पहिली: नकाशा रुंदीला उंचीच्या दुप्पट हवा आणि ग्राफिक्स कार्डाच्या मर्यादेत हवा. जुन्या लॅपटॉपवर ही मर्यादा 8192 पिक्सेल असू शकते. त्याहून मोठा नकाशा दिला की ग्रह पांढरा किंवा करडा दिसतो आणि काही सूचनाही येत नाही. दुसरी: सेलेस्टिया नकाशाच्या मध्यावर शून्य रेखांश धरतं, पण चंद्र-मंगळाचे अनेक अधिकृत नकाशे 180 रेखांशावर मध्य धरून काढलेले असतात. मग सगळं अर्धं वळलेलं येतं. चंद्राच्या पृथ्वीकडल्या बाजूवर काळी मैदानं हवीत तिथे विवरंच विवरं दिसली की समजा, हेच झालंय. गिंपमध्ये थराच्या रूपांतरात ‘ऑफसेट’ उघडा, ‘रुंदी/2’ द्या आणि कड गुंडाळण्याची खूण चालू ठेवा. उंचीचा आकडा मात्र शून्य करा. रुंदी आणि उंची दोन्ही एकदम निम्म्याने सरकवणारं बटण दाबलं तर ध्रुव मध्यावर येतात.

पृथ्वीसाठी नासाचा ‘ब्लू मार्बल नेक्स्ट जनरेशन’ संच घ्या. तो 2004च्या निरीक्षणांवरून केलेला आहे आणि बारा महिन्यांचे बारा नकाशे मिळतात. मे महिन्याच्या नकाशात सह्याद्री तपकिरी आणि ऑगस्टच्या नकाशात हिरवागार. जूनमधल्या कुठल्यातरी ग्रहणाच्या चित्रात जानेवारीचा हिमालय दाखवणं चूक नसेल, पण बारकाईने बघणारा ओळखतो.

रंगांबद्दल एक इशारा. नेपच्यून गडद निळा ही समजूत 1989च्या व्हॉयेजर-2च्या चित्रांतून आली. त्यांत रंग मुद्दाम गडद केले होते. जानेवारी 2024मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की युरेनस आणि नेपच्यून दोघेही फिकट निळसर-हिरवे आहेत, नेपच्यून किंचित निळा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अजून जुनाच नकाशा आहे. शुक्राचंही तसंच. नारिंगी डोंगर-दऱ्यांचा शुक्र म्हणजे मॅगेलन यानाचा रडार नकाशा. डोळ्यांना दिसतो तो जवळपास कोरा, फिकट पिवळसर ढगांचा गोळा. कंटाळवाणा आहे, पण खरा आहे.

चित्र जतन करताना स्टेलॅरियममध्ये कंट्रोल-टी दाबून पट्ट्या लपवा, मग कंट्रोल-एस. पडद्यापेक्षा मोठं चित्र हवं असेल तर एफ-2 मधल्या साधनांच्या पानावर स्वतःचा आकार भरता येतो. ए-3ला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) 4961 बाय 3508 पिक्सेल लागतात, ए-2ला 7016 बाय 4961. आकार वाढवल्यावर अक्षरं तुलनेने बारीक येऊ शकतात, म्हणून आधी एक चाचणी घ्या. सेलेस्टिया खिडकीएवढंच चित्र एफ-10ने जतन करतं. त्यात मोठं चित्र हवं तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून पडद्याचं रिझोल्यूशन कृत्रिमरीत्या वाढवा. कडा दातेरी येत असतील तर सेलेस्टियाच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये अँटिअलायझिंगची (कडा गुळगुळीत करण्याची) ओळ टिप्पणीतून बाहेर काढा आणि 4 किंवा 8 ठेवा. दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या लॅपटॉपवर विंडोज बहुतेक वेळा कमी ताकदीचं कार्ड देतं. डिस्प्लेच्या ग्राफिक्स पानावर जाऊन त्या ॲपला ‘हाय परफॉर्मन्स’ लावा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

मराठी नावांचं काय? स्टेलॅरियमची भाषा मराठी करता येते. ताऱ्यांच्या नावांची परंपरा वेगळ्या पानावर निवडायची असते, तिथे भारतीय पर्याय आहेत. सेलेस्टियाच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून तिथे नावं बंद ठेवा आणि इंकस्केप या रेखाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून घाला. तेच बरं पडतं, कारण अक्षरांचा आकार नंतर बदलता येतो.

छपाईत दिसणाऱ्या पट्ट्यांचं कारण 8 बिटचा रंग, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त 256 छटा. संध्याकाळच्या आकाशात गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत मोजक्याच छटा उरतात आणि प्रत्येक छटेची सीमा दिसते. स्टेलॅरियमच्या सेटिंगमध्ये डिदरिंग चालू करा, ते छटांच्या सीमा बारीक ठिपक्यांनी मोडून टाकतं. तरी राहिले तर गिंपमध्ये आरजीबी नॉइज (रंगांचे विखुरलेले बारीक ठिपके) अगदी थोडा, म्हणजे दीड-दोन टक्क्यांच्या आसपास, घाला. जेपीईजी करणार असाल तर दर्जा 92च्या वर आणि रंगाचं प्रमाण 4:4:4, म्हणजे रंगाची माहिती न गाळणारं, ठेवा. 4:2:0 मध्ये काळ्यावरच्या लाल तारकासमूह-रेषा फाटल्यासारख्या दिसतात. मूळ प्रत कायम पीएनजीत.

व्हॉट्सॲपवर तारे का पुसले जातात? साधा फोटो म्हणून पाठवलं की तो लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेलपर्यंत लहान केला जातो आणि वर जेपीईजीचा दाब. एक-दोन पिक्सेलचा तारा या दोन टप्प्यांत आजूबाजूच्या काळ्यात मिसळतो. मग उपाय दोन. नीट पाहायचं असणाऱ्यांना चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ते जसंच्या तसं जातं. आणि ग्रुपसाठी वेगळी प्रत करा: 1600 पिक्सेल रुंद, त्या आकारालाच ताऱ्यांचा आकार वाढवलेली, सहाव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांऐवजी साडेचारपर्यंतचेच ठेवलेली (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, मोठा आकडा म्हणजे अंधुक तारा). मोठं चित्र लहान करून पाठवण्यापेक्षा हे नेहमी स्वच्छ दिसतं.

व्हॉट्सॲप फाईलमधली माहितीही काढून टाकतं, म्हणून माहिती चित्रावरच हवी. खाली 80-100 पिक्सेलची काळी पट्टी आणि त्यात करड्या अक्षरांत, उदाहरणार्थ: ‘संगणकीय चित्र, फोटो नव्हे. खग्रास सूर्यग्रहण, 22 जानेवारी 1898, जेऊर, ता. करमाळा. स्टेलॅरियम 24.4. दृश्यक्षेत्र 3 अंश. सूर्य-चंद्राचा आकार खरा.’ पहिले चार शब्द सोडायचे नाहीत. ‘कुणी काढला?’ हा प्रश्न त्यांच्यामुळेच थांबतो. चंद्र मुद्दाम मोठा केला असेल तर ‘चंद्र चौपट’ असं लिहा, त्यात कमीपणा नाही.

सेलेस्टिया वापरणाऱ्या दुसऱ्या कुणाला पाठवताना चित्राबरोबर त्याची सेल-यूआरएलही द्या. कंट्रोल-सी दाबलं की जागा, दिशा, वेळ, निवडलेली वस्तू हे सगळं एका दुव्यात येतं. समोरच्याने तो उघडला की नेमकं तेच दृश्य त्याच्या पडद्यावर. जुनी-नवी आवृत्ती मिसळली किंवा तुम्ही घातलेला ॲड-ऑन (वरून जोडलेली जादा फाईल) त्याच्याकडे नसला तर दुवा भलतीकडे नेतो, म्हणून ॲड-ऑनचं नावही लिहा.

छपाईसाठी अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जाणार असाल तर आधी ए-5 आकाराचा तुकडा छापून घ्या, चित्राचा सर्वांत अंधुक कोपरा त्यात येईल असा. 300 डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे 0.085 मिलिमीटर. काळी शाई पसरली की तो तारा बुडतो. ताऱ्याचा ठिपका किमान तीन पिक्सेलचा हवा. भित्तिपत्रक हातभर लांबूनच बघायचं असेल तर 150 डीपीआय पुरतं आणि फाईल चौथाईवर येते. पूर्ण काळी पार्श्वभूमी चकचकीत कागदावर घेऊ नका, वर्गातल्या ट्यूबलाइट त्यात दिसतात. मॅट घ्या. आणि आकाशदर्शनाला हातात द्यायचे नकाशे असतील तर स्टेलॅरियममध्येच रंग उलटे करून, पांढऱ्या कागदावर काळे तारे, असे जतन करा. शाई वाचते, झेरॉक्सही नीट निघते आणि लाल टॉर्चमध्ये वाचता येतात. अशा नकाशात लाल रेषा मात्र ठेवू नका, लाल उजेडात त्या दिसतच नाहीत.

परवानगीचं म्हणाल तर नासाची चित्रं आणि नकाशे सहसा कॉपीराइटमुक्त असतात. त्यांचं बोधचिन्ह वापरून ‘नासाची मान्यता’ असा आभास करायचा नाही एवढंच. ईएसए-हबलची चित्रं श्रेय देऊन वापरता येतात. पण सेलेस्टियासाठी हौशी लोकांनी केलेले ॲड-ऑन ज्याच्या त्याच्या अटींवर असतात, आणि बऱ्याच ठिकाणी व्यावसायिक वापर चालत नाही. प्रदर्शनात लावायला अडचण नसते. दिवाळीला मंडळाची दिनदर्शिका छापून विकणार असाल तर मात्र प्रत्येक ॲड-ऑनसोबतची वाचा-मला फाईल उघडून बघा, आणि तिथे विक्रीबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर त्या पानासाठी नासाचा नकाशा घ्या.